यंत्रांवरच्या फोनांचं बर्न-इन : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

यंत्राची स्थिती आणि आकडा दाखवणारा फलक म्हणून यंत्रांवर लावलेले फोन उतरवून आज टेबलावर आले. सगळ्यांची तक्रार एकच: फलकाचं ॲप बंद करून दुसरं काहीही उघडलं तरी मागे फलक दिसतच राहतो. एकच चित्र फार काळ राहिल्याने उमटलेली अशी छाप म्हणजे बर्न-इन. वरची पांढरी पट्टी, मधल्या मोठ्या आकड्याची चौकट, खाली 'चालू', 'थांबा', 'बिघाड' ही तीन बटणं. एका फोनवरून तर ॲप काढून टाकलंय, तरी यंत्राचा क्रमांक चक्क वाचता येतो.

आधी सोपी चाचणी. स्क्रीनशॉट काढून तो चांगल्या फोनवर पाहिला. छाप नाही. म्हणजे भानगड सॉफ्टवेअरमध्ये नाही, पॅनेलमध्ये आहे. स्क्रीनशॉट मेमरीतल्या चित्राचा निघतो, काचेमागे काय झालंय त्याचा नाही.

खरेदी वेगवेगळ्या खेपांत झाल्यामुळे काही फोन एलसीडीचे आहेत, काही ॲमोलेडचे (हा ओएलईडीचाच एक प्रकार). यादीवर विसंबण्यापेक्षा खोलीत अंधार केला आणि सगळ्यांवर पूर्ण काळं चित्र लावलं. एलसीडीचा काळा रंग करडा उजळतो, कारण मागचा दिवा चालूच असतो. ॲमोलेडचा फोन अंधारात दिसेनासा होतो. दोन ढीग केले, सगळे बंद करून घरी.

७ जानेवारी

एलसीडीच्या ढिगातल्या छापा रात्रीत जवळपास गेल्या. त्यांची जातच वेगळी. द्रवस्फटिकांच्या थरावर एकाच दिशेचा थोडासा विद्युत दाब उरत गेला की आयन एका बाजूला गोळा होतात, आणि पडदा बंद राहिला की ते बहुधा पांगतात. हा ढीग बाजूला.

ॲमोलेडच्या ढिगात काडीचाही फरक नाही. पुढचं सगळं काम यांच्यावर.

९ जानेवारी

सहकारी मेघनाने विचारलं, "पण जळतं काय नक्की?" तिला सांगितलं तेच इथे लिहून ठेवतो, नंतर येणाऱ्यालाही उपयोगी पडेल.

जळत काहीच नाही. ओएलईडीत प्रत्येक सबपिक्सेल, म्हणजे पिक्सेलमधला लाल, हिरवा किंवा निळा ठिपका, स्वतःच एक दिवा असतो. त्यातल्या सेंद्रिय थरांतून वीजप्रवाह गेला की प्रकाश निघतो, आणि जितका प्रवाह जास्त वेळ जातो तितके त्या थरांतले रेणू बिघडत जातात. मग तेवढ्याच प्रवाहाला कमी उजेड मिळतो. १९८७ मध्ये ईस्टमन कोडॅकच्या चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी कमी व्होल्टेजवर चालणाऱ्या ओएलईडीचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. तेव्हापासून आयुष्याचा प्रश्न या तंत्राच्या पाठी लागलेलाच आहे.

निळा सगळ्यात आधी थकतो. लाल प्रकाशाच्या एका फोटॉनची ऊर्जा साधारण २ इलेक्ट्रॉनव्होल्ट, निळ्याची २.७ च्या आसपास. एवढी ऊर्जा रेणूंतले बंध तोडण्याच्या बरीच जवळ जाते. शिवाय लाल आणि हिरव्यासाठी फॉस्फोरेसंट पदार्थ सर्रास वापरतात, निळ्यासाठी मात्र टिकाऊपणापायी बहुतेक पॅनेलांत कमी कार्यक्षम फ्लुओरेसंट पदार्थावर भागवावं लागलं आहे. म्हणजे त्याच उजेडासाठी प्रवाह जास्त. पॅनेल बनवणाऱ्यांनाही हे ठाऊक आहे. मॅक्रो भिंगातून पाहिलं तर आपल्या फोनांत निळे सबपिक्सेल आकाराने सर्वांत मोठे दिसतात: क्षेत्रफळ वाढवलं की प्रवाहाची घनता उतरते.

माझ्या दृष्टीने कळीचा मुद्दा वेगळाच आहे. सगळा पडदा सारखाच थकला असता तर कुणी तक्रारच केली नसती. दहा टक्के उजेड सर्वत्र कमी झाला तर माणूस ब्राइटनेस थोडा वाढवतो आणि विसरतो. पण दोन टक्क्यांचा फरक एका सरळ कडेच्या दोन बाजूंना पडला तर डोळा तो लगेच पकडतो. तेव्हा आपली लढाई झिजेशी नाही, असमान झिजेशी आहे, आणि त्यातही कडांशी. फलकाच्या ॲपमध्ये काय बदलायचं ते या एका वाक्यावर तपासून घ्यायचं.

१३ जानेवारी

मोजणीची मांडणी. डोळ्यांवर भरवसा ठेवून अहवाल लिहिता येणार नाही, पण रंगमापक यंत्र मागवण्याइतकीही गरज वाटत नाही. कॅमेरा, तिकाटणं, अंधारी खोली.

फोटो रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ स्वरूपात. जेपेगमध्ये कॅमेरा आपल्या मर्जीने कॉन्ट्रास्ट वाढवतो, चित्रातले दाणे पुसतो, आणि आपल्याला हवा तो बारीक फरकच घालवून बसतो. आयएसओ, शटर, व्हाइट बॅलन्स, फोकस सगळं हाताने बांधून ठेवलं. शटर पाव सेकंद. यामागे कारण आहे: बरेच पॅनेल उजेड कमी करताना दिवा सेकंदाला शेकडो वेळा उघडझाप करतात, म्हणजे पीडब्ल्यूएम. २४० हर्ट्झ धरले तर पाव सेकंदात ६० पूर्ण आवर्तनं मिळतात आणि पट्टे येत नाहीत. फोकस मुद्दाम किंचित हलवला, नाहीतर फोनची पिक्सेलजाळी आणि कॅमेऱ्याची जाळी मिळून मॉयरेची नक्षी तयार होते आणि छाप त्यात हरवते.

भिंगामुळे फोटोच्या कडा अंधारतात, त्याचं काय? फोन १८० अंशांत फिरवून दुसरा फोटो, मग तो संगणकावर सरळ करून दोघांची सरासरी. शंभर टक्के दोष जात नाही, पण आपल्याला शेवटी छापेची जागा आणि तिच्या लगतची जागा यांचं गुणोत्तर हवंय. तेवढ्याला पुरतं.

पाच चित्रं ठरली: मध्यम करडा, पूर्ण पांढरा, शुद्ध लाल, शुद्ध हिरवा, शुद्ध निळा.

१६ जानेवारी

पहिली फेरी झाली. यातलं बरंच अपेक्षित होतं, काही मात्र पाहण्यासारखं निघालं.

वरची पांढरी पट्टी जिथे होती तिथे करड्या चित्रावर पिवळसर छटा. निळा गळाला की पांढऱ्यातून उरतो तो पिवळाच. शुद्ध निळ्या चित्रात ही पट्टी सर्वांत ठळक, शुद्ध लालमध्ये शोधावी लागते.

हिरव्या 'चालू' बटणाची छाप जांभळट-गुलाबी. पहिल्यांदा पाहणारा बुचकळ्यात पडतो, पण हिशोब सरळ आहे: तिथे फक्त हिरवे सबपिक्सेल राबले, तेच दमले, आणि करड्यातून हिरवा वजा केला की जांभळटपणा उरतो. दूरवरूनही हीच छाप आधी दिसते, कारण रंगाचा फरक आणि तीक्ष्ण कड दोन्ही एकत्र आले आहेत.

यंत्राचा क्रमांक पांढऱ्या पट्टीत काळ्या अक्षरांनी लिहिलेला होता. त्या अक्षरांच्या जागचे पिक्सेल कधी पेटलेच नाहीत, त्यामुळे ते कोरे राहिले आणि आता आजूबाजूपेक्षा उजळ, निळसर दिसतात. भिंतीवरची जुनी तसबीर काढल्यावर मागे ताजा चौकोन दिसतो तसं. म्हणूनच तो क्रमांक इतका स्वच्छ वाचता येतो. मेघनाला हे दाखवलं तेव्हा तिने लगेच विचारलं की मग डार्क मोड हा उपाय की नुसती अदलाबदल? प्रश्न योग्य आहे. २२ तारखेला पाहू.

भट्टीजवळच्या यंत्रांवरचे फोन इतरांपेक्षा स्पष्टपणे वाईट. मांडणी तीच, ब्राइटनेस तोच, फरक उष्णतेचा. तापमान वाढलं की रेणू बिघडण्याचा वेग वाढतो, त्यात हे फोन सतत चार्जरवर, म्हणजे पाठीमागून बॅटरीचीही ऊब.

१९ जानेवारी

देखभालवाल्या काकांनी एक 'बर्न-इन दुरुस्ती' ॲप आणलं. लाल, हिरवा, निळा, पांढरा असे पूर्ण पडद्याचे रंग भराभर बदलत राहतात. म्हणाले, "माझ्या पोराच्या फोनवर चाललं होतं." चाललं असेलही, तो एलसीडी असेल तर. तिथली छाप मुळातच जाणारी असते, रंग बदलत राहिल्याने ती लवकर जाऊ शकते. ओएलईडीवर हे ॲप थकलेल्यांना आणि ताज्यांना सारखंच राबवतं. थकलेले बरे होत नाहीत. आपल्या ढिगातल्या एका फोनवर ते रात्रभर चालवून सकाळी मोजलं, गुणोत्तर होतं तिथेच.

२२ जानेवारी

आकडेमोड. ओएलईडीच्या आयुष्याचा ठोकताळा असा: सुरुवातीचा उजेड कोणत्यातरी घातांकाने वाढवून त्याला आयुष्याने गुणलं की गुणाकार साधारण स्थिर राहतो. घातांक पदार्थानुसार बहुधा १.५ ते २ च्या दरम्यान. उजेड दुप्पट केला तर आयुष्य निम्मं होत नाही, त्याहून कमी होतं. उलट उजेड थोडा उतरवला तर फायदा अपेक्षेपेक्षा जास्त.

आता फलकावर लावू. पडद्याचा गॅमा, म्हणजे रंगाच्या ० ते २५५ मूल्यावरून उजेड ठरवणारा घातांक, २.२ धरला तर २५५ ऐवजी २०० मूल्याचा पांढरा वापरल्यावर उजेड सुमारे ५९ टक्के उरतो आणि झिजेचा वेग ३४ ते ४५ टक्क्यांवर येतो. मूल्य १२८ केलं तर उजेड फक्त २२ टक्के, आणि झीज दहापट ते वीसपट मंद. १२८ ऐकायला 'अर्धा' वाटतो, पण प्रकाशाच्या हिशोबात पाव भागाहूनही कमी. डिझाइनवाल्यांना हा तक्ता आधी दाखवायचा, मग रंगांवर वाद घालायचा.

मेघनाच्या प्रश्नाचं उत्तर: डार्क मोडमध्ये असमानता राहतेच, फक्त उलटी होते. पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळी अक्षरं असतील तर सगळा पडदा थकतो आणि अक्षरं कोरी राहतात. काळ्यावर पांढरी असतील तर अक्षरं थकतात आणि पडदा कोरा राहतो. पण अक्षरं जागा कमी व्यापतात, त्यातले आकडे बदलत राहतात, आणि पूर्ण पांढऱ्याऐवजी करडे ठेवता येतात. शिवाय गडद मांडणीत छाप पडली तरी ती दिसायला तिथे उजेड लागतो. काळ्यावर छाप दिसत नाही, कारण पिक्सेल बंदच असतात. हा शेवटचा मुद्दा जुन्या फोनांसाठी कामाचा ठरेल, खूण करून ठेवतो.

२७ जानेवारी

पिक्सेल शिफ्ट, म्हणजे मजकूर थोडा थोडा सरकवत राहणं. अँड्रॉइडच्या मुक्त स्रोतात लॉक स्क्रीन आणि ऑलवेज-ऑन, म्हणजे पडद्यावर कायम दिसणाऱ्या, घड्याळासाठी हे आहेच, आणि पद्धत मला फार आवडली. आडवी सरक ८३ मिनिटांच्या आवर्तनाने, उभी ५२१ मिनिटांच्या. दोन्ही मूळ संख्या, त्यामुळे दोघी मिळून पुन्हा त्याच जागी त्याच क्रमाने यायला ४३,२४३ मिनिटं लागतात, म्हणजे जवळपास तीस दिवस. आणि सरक त्रिकोणी लहरीने होते, साइन लहरीने नाही. साइनमध्ये वस्तू टोकांजवळ जास्त वेळ रेंगाळते, तिथे पुन्हा कड उमटली असती. त्रिकोणीत प्रत्येक जागेला सारखा वेळ. ज्याने हे लिहिलं त्याने विचार करून लिहिलंय.

आपल्याला मात्र याचा उपयोग अर्धाच. घड्याळाचा काटा काही पिक्सेल सरकला की पूर्ण जागा सोडतो. आपली वरची पट्टी इतकी रुंद आहे की ती आठ पिक्सेल सरकली तरी तिचा मधला भाग जागच्या जागी तापत राहतो. झीज तेवढीच. फक्त कडेचा उतार सौम्य होतो, आणि सौम्य उतार डोळ्याला कमी खुपतो. तेवढा फायदा घ्यायचा, पण त्यावर विसंबायचं नाही. भरीव आकार काढून टाकणं हेच खरं काम. ओएलईडी घड्याळांसाठीच्या गूगलच्या मार्गदर्शनात ऑलवेज-ऑन स्थितीत पंधरा टक्क्यांहून जास्त पिक्सेल पेटते ठेवू नका असं म्हटलंय. आपला जुना फलक मोजला तर त्याच्या कित्येक पट निघतो.

मेघनाने वर-खाली अदलाबदल सुचवली: एका पाळीत पट्टी वर, दुसऱ्या पाळीत खाली. कागदावर उत्तम. पाळीप्रमुखांनी एका वाक्यात उडवून लावली: बटणं जागची हलली तर हात चुकीच्या बटणावर जाईल. बरोबर आहे त्यांचं. बटणं हलणार नाहीत, माहिती हलली तर चालेल.

३० जानेवारी

यंत्रांवर काम करणाऱ्यांशी बोलायला गेलो. इतके दिवस आम्ही रंग किती मंद करायचा यावर बोलत होतो, खरा प्रश्न त्यांनी विचारला: हिरवं बटण दिवसभर पेटलेलं कशाला? यंत्र चालू आहे हे आवाजावरून कळतंच. पडद्याकडे नजर जाते ती दोनच वेळा, आकडा पाहायला आणि यंत्र थांबल्यावर.

इथून मांडणी सुचत गेली. चालू स्थितीत रंग नाही, फक्त करडा आकडा काळ्यावर. यंत्र थांबलं की तेव्हाच पूर्ण पडदा लाल. तो थोडा वेळ राहतो आणि सगळीकडे सारखा राहतो, म्हणजे कडाच नाहीत. बटणं भरीव न ठेवता मंद रेघांची. स्पर्श झाला की उजळतील, नाहीतर विझत जातील.

४ फेब्रुवारी

ब्राइटनेस. सगळ्या फोनांवर ऑटो-ब्राइटनेस बंद आणि पट्टी शेवटच्या टोकाला. बसवताना कुणीतरी 'लांबून दिसावं' म्हणून केलं असणार आणि मग रात्रपाळीतही तसंच. आतल्या दिव्यांत निम्म्यावरही आकडा नीट वाचता येतो, आज तिथे उभं राहून पाहिलं.

यात एक खोच आहे. पट्टी खाली ओढल्यावर काही पॅनेल खरोखर प्रवाह कमी करतात, तर काही तोच प्रवाह कमी वेळ सोडतात. दुसऱ्या प्रकारात वेळ वाचतो पण प्रवाहाची तीव्रता तीच, त्यामुळे २२ तारखेच्या घातांकाचा जादा फायदा मिळत नाही, साधा सम प्रमाणातला मिळतो. ओळखायचं कसं? शटर १/२००० सेकंद ठेवून फोटो: काळे पट्टे आले तर उघडझाप. आपल्या दोन्ही मॉडेलांत कमी ब्राइटनेसला पट्टे आले. त्यामुळे धोरण असं: पट्टी मध्यम ठेवायची आणि उरलेला उजेड रंगाच्या मूल्यातून उतरवायचा, कारण मूल्य कमी केलं की त्या पिक्सेलचा प्रवाहच कमी होतो.

रिफ्रेश रेट कमी केला तर काही होईल का, असंही विचारलं गेलं. बॅटरी वाचेल. झिजेला फरक पडत नाही, पिक्सेल पेटलेला तो पेटलेलाच.

११ फेब्रुवारी

घाईची, म्हणजे झीज मुद्दाम लवकर घडवून पाहण्याची, चाचणी सुरू. जुनी आणि नवी मांडणी दोन फोनांवर चालवण्याचा बेत बदलला. एकाच मॉडेलच्या दोन पॅनेलांतही फरक असतो, मग निकालावर बोट ठेवता येत नाही. म्हणून कोऱ्या फोनचा पडदा मधोमध विभागला: डावीकडे जुन्या मांडणीचे नमुने, उजवीकडे नव्या, दोन्ही पूर्ण ब्राइटनेसवर. पंखा लावून पाठ गार ठेवलीय, उष्णतेची भेसळ नको. यातून 'फोन किती वर्षं टिकेल' हे कळणार नाही, दोन मांडण्यांची तुलना तेवढी कळेल.

४ मार्च

डावीकडे छाप उघड्या डोळ्यांना दिसते, उजवीकडे रॉ फोटो ताणून पाहिल्यावर आकड्याच्या जागी धूसर ढग. कड कुठेच नाही. शिफ्टने आपलं काम केलंय.

आलेखात आणखी एक गोष्ट: डावीकडची घसरण सुरुवातीला झपाट्याने, मग संथ. ओएलईडीचा क्षय साध्या घातांकी वक्राने जात नाही, ताणलेल्या घातांकी वक्राने जातो, हे पुस्तकी ज्ञान समोर दिसलं. पॅनेल बाहेर पाठवण्याआधी काही काळ चालवून घेण्याची पद्धत उद्योगात आहे ती याचसाठी: पहिला तीव्र उतार कारखान्यातच उरकतो. आपल्यासाठी अर्थ एवढाच की पहिल्या आठवड्याच्या आकड्यांवरून रेघ पुढे ओढून कुणाला घाबरवायचं नाही.

१२ मार्च

आढावा बैठक. 'स्वस्त फोन घेतले म्हणून हे झालं' असा सूर निघाला. तसं नाही. २०१७ मध्ये पिक्सेल २ एक्सएलसारख्या महागड्या फोनवर थोड्याच वापरात छापा दिसल्याचा गवगवा झाला होता, गूगलने तेव्हा वॉरंटी दोन वर्षांपर्यंत वाढवली. ॲपलही आपल्या ओएलईडी फोनांबद्दल लिहिताना बर्न-इन होऊ शकतं हे मान्य करतं. किमतीने वेग बदलेल, तत्त्व नाही. कोणताही फोन दिवसरात्र एकच चित्र दाखवायला बनवलेला नसतो.

जुन्या फोनांचं काय करायचं यावर दोन प्रस्ताव. पहिला, छापेचं उलटं चित्र लावून बाकीचा पडदा तितकाच थकवायचा. होतं, पण चांगला भाग मुद्दाम म्हातारा करायचा आणि उरलेला उजेड घालवायचा. नको. दुसरा, मोजलेल्या नकाशावरून ॲपमध्ये पारदर्शक थर टाकून ताजे भाग किंचित मंद दाखवायचे. करून पाहिलं. करड्यावर छाप बरीच लपते, पण फोनागणिक नकाशा वेगळा, झीज पुढे सरकेल तसा तो पुन्हा काढावा लागणार, आणि तिन्ही रंगांचा वेगवेगळा. एवढी देखभाल कोण करणार?

शेवटी २२ जानेवारीची खूण कामी आली. नवी मांडणी जवळजवळ सगळी काळी आहे, काळ्यात छाप दिसतच नाही. जुने फोन तसेच परत यंत्रांवर जाऊ शकतात. फक्त 'थांबलं' स्थितीचा पूर्ण लाल पडदा आला की 'थांबा' बटणाची जुनी छाप किंचित गडद दिसते. देखभालवाले काका म्हणाले, "लाल पेटल्यावर डाग बघत बसायला वेळ कुणाला आहे?" प्रस्ताव मंजूर.

१९ मार्च

नवीन आवृत्ती सगळ्या फोनांवर गेली. ब्राइटनेसची पट्टी ॲपच धरून ठेवतं. पाळी संपून दहा मिनिटं स्पर्श नसेल तर पडदा पूर्ण बंद. हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक कलम, आणि वादही याच्यावरच सर्वांत कमी झाला.

भट्टीजवळच्या यंत्रांसाठी यापुढे एलसीडीचाच फोन मागवायचा, अशी टीप खरेदीला दिली. त्यातला मागचा दिवाही झिजतोच, पण सगळा पडदा एकत्र. २०२४ च्या आयपॅड प्रोमध्ये आले तसे दोन थरांचे टँडम ओएलईडी पॅनेल या कामाला बरे, उजेड दोन थरांत वाटला जातो, पण एका आकड्याच्या फलकासाठी तो खर्च पटवून देता येणार नाही.

बाकी राहिलेलं: भट्टीजवळचे फोन धरून ठेवणाऱ्या कंसांना मागून हवा जायला भोकं पाडायची, चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवता येतं का ते त्या मॉडेलवर पाहायचं, आणि यंत्रावर परत गेलेल्यांपैकी खूण केलेल्या फोनांची पुढची मोजणी जूनमध्ये, याच कॅमेऱ्याने, याच सेटिंगवर. सेटिंगचा कागद तिकाटण्याच्या पिशवीत ठेवलाय.